कोपर आपटलं की करंगळीपर्यंत करंट का जातो?

तो करंट हाडातून नाही, नसेतून जातो. मेंदू आणि मज्जारज्जू सोडून बाकी अंगभर मज्जातंतूंचं जे जाळं पसरलंय ना, ती परिघीय मज्जासंस्था, मेंदूतून 12 जोड्या निघतात आणि मज्जारज्जूतून 31. या मज्जारज्जूवाल्यांपैकी मानेच्या खालच्या भागातल्या काहींपासून अल्नर नर्व्ह बनते, ती दंडातून उतरते आणि कोपराच्या आतल्या बाजूला हाडाच्या खाचेत अगदी कातडीखाली येते, वर ना स्नायू ना चरबी. हळूच चाचपून बघा, दोरीसारखी हाताला लागते. तिथे दाराची कड बसली की करंगळी आणि शेजारची अर्धी अनामिका झिणझिणते, कारण तिथली संवेदना हीच नस वर नेते आणि मेंदूला वाटतं बोटालाच लागलंय!

बोटं फाकवायचे बारीक स्नायूही हीच चालवते. म्हणून कळकळीने सांगतो, तासन् तास कोपर दुमडून मोबाईल धरू नका, करंगळी रोज बधिर होत असेल किंवा पकड ढिली वाटत असेल तर डॉक्टरांना दाखवाच, कारण तुटलेला तंतू परत वाढतो तो दिवसाला जेमतेम 1 मिलिमीटर, आणि तोवर हाताचे स्नायू वाळत जातात.