भाड्याने दिलेल्या घरात पाणी तुंबतंय, एफडी मोडू का?

नमस्कार ताई,

तुमचं पत्र मिळालं. सदाशिव पेठेतला 1984 सालचा फ्लॅट, भाडं 18,000. बाथरूम आणि सिंकचं पाणी सावकाश उतरतं, दर तीन महिन्यांनी प्लंबरचे 900 रुपये जातात आणि आता त्याने सगळे बिडाचे (ओतीव लोखंडाचे) पाइप बदलायला 65,000 सांगितलेत. एफडी मोडू की भाडेकरूचं डिपॉझिट वापरू, असं तुम्ही विचारलंय.

डिपॉझिटला हात लावू नका. ते तुमच्यावरचं देणं आहे, करार संपला की एकरकमी परत करावं लागेल.

एफडीही आज मोडू नका, कारण दोष नेमका कुठे आहे हे अजून कुणी पाहिलेलंच नाही. एकाच नहाणी ट्रॅपचं, म्हणजे बाथरूमच्या जाळीखालच्या सापळ्याचं, पाणी अडत असेल तर केस आणि साबणाचा गाळ असतो, सफाईने भागतं. पण सिंकमध्ये पाणी सोडल्यावर बाथरूमच्या जाळीतून गुडगुड ऐकू येत असेल, तर तुंबलंय ते पुढे, बहुधा बाहेरच्या उभ्या पाइपात किंवा चेंबरमध्ये. खालच्या मजल्यावरही हाच त्रास आहे का, विचारा. बाहेरची ड्रेनेज लाइन दुरुस्त करणं सोसायटीचं काम आहे. सचिवांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तुमच्या खिशातून सोसायटीचा पाइप बदलला जाऊ नये, एवढीच माझी कळकळ आहे.

दोष घरातल्याच पाइपात निघाला, तर मात्र बदलणंच बरं. बीड आतून गंजून पाइप अरुंद झाला की सफाई फार दिवस टिकत नाही. पण फरशी फोडली की वॉटरप्रूफिंगही जातं. ते 65,000 मध्ये धरलंय का, लेखी घ्या. नाहीतर खालच्यांच्या छताला ओल आली की तो खर्चही तुमच्याच माथी. आणखी एका प्लंबरचा अंदाज घ्या.

करार पाच महिन्यांनी संपतोय, एफडी त्याआधीच पिकतेय. घर रिकामं असताना काम काढा; तोवर दोन फेऱ्यांचे 1,800 गेले तरी चालतील. गळती आत्ताच खाली उतरत असेल तर थांबू नका, एफडीवर कर्ज घ्या. त्याचा दर साधारण एफडीपेक्षा एक-दोन टक्के जास्त असतो.

करात या बिलाची वेगळी सूट नाही. मालमत्ता कर वजा जाता उरलेल्या भाड्यावर 30 टक्के वजावट मिळते, ती दुरुस्ती केली तरी तेवढीच, न केली तरी तेवढीच.

भाडेकरूला आजच फोन करून हे वेळापत्रक सांगा, आणि तोवर ॲसिड ओतू नका म्हणावं. जुन्या बिडाला ते खातं.