वाचकांचे प्रश्न : विनू मांकड यांची कारकीर्द

प्रश्न : चेंडू सुटण्याआधीच क्रीज सोडणाऱ्या नॉन-स्ट्रायकरला गोलंदाजाने धावबाद केले, की समालोचक लगेच ‘मांकडिंग’ हा शब्द वापरतात. आमच्या घरातील मुलांना विनू मांकड एवढ्यापुरतेच ठाऊक आहेत. त्या प्रसंगात त्यांची काही चूक होती का आणि खेळाडू म्हणून ते किती मोठे होते? (एक वाचक, सातारा)

उत्तर : चूक मुळीच नव्हती. डिसेंबर १९४७ मध्ये सिडनीच्या कसोटीत ऑस्ट्रेलियाचे सलामीचे फलंदाज बिल ब्राउन पुन्हा पुन्हा पुढे सरकत होते, म्हणून मांकड यांनी चेंडू न टाकता बेल्स उडवल्या. त्याच दौऱ्यातील आधीच्या एका सामन्यात त्यांनी ब्राउन यांना प्रथम ताकीद दिली होती आणि नंतर अशाच रीतीने बाद केले होते. काही वृत्तपत्रांनी टीका केली, परंतु प्रतिस्पर्धी कर्णधार डॉन ब्रॅडमन यांनी आपल्या आत्मचरित्रात मांकड यांची बाजू घेतली, कारण नॉन-स्ट्रायकर चोरटी आघाडी घेत होता आणि गोलंदाज नियमाला धरून वागला होता. २०२२ पासून तर नियमांच्या पुस्तकातही हा प्रकार ‘अयोग्य खेळ’ या कलमातून काढून साध्या ‘धावबाद’मध्ये नेण्यात आला आहे. ‘मांकडिंग’ या शब्दाला सुनील गावसकर यांनी वेळोवेळी जाहीर हरकत घेतली आहे आणि ती मला पूर्णपणे रास्त वाटते. त्याच मालिकेत मेलबर्नच्या मैदानावर सलामीला येऊन मांकड यांनी दोन शतके ठोकली होती, त्यांची आठवण मात्र कोणाला होत नाही.

मुलांना मांकड सांगायचे असतील, तर जून १९५२ ची लॉर्ड्सची कसोटी सांगावी. त्या वर्षी इंग्लंडच्या दौऱ्यात आपली निवड होईल, अशी हमी त्यांना निवड समितीकडून मिळाली नाही, म्हणून त्यांनी लँकेशायर लीगमधील हॅसलिंग्डन क्लबशी व्यावसायिक खेळाडू म्हणून करार केला. क्रिकेट हे त्यांच्या उपजीविकेचे साधन होते, तेव्हा हमीशिवाय ते थांबून कसे राहणार? पुढे लीड्सच्या पहिल्या कसोटीत दुसऱ्या डावात भारताचे चार फलंदाज शून्य धावांवर परतले, तेव्हा घाईघाईने हॅसलिंग्डनला विनंती करून मांकड यांना बोलावून घेण्यात आले.

लॉर्ड्सवर त्यांनी सलामीला येऊन ७२ धावा केल्या, तरी संघ २३५ वर आटोपला. नंतर हटन आणि इव्हान्स यांच्या शतकांच्या जोरावर इंग्लंडने ५३७ धावा उभारल्या. त्या डावात मांकड यांनी एकट्याने ७३ षटके, म्हणजे ४३८ चेंडू टाकले आणि १९६ धावांत पाच बळी घेतले. डाव संपल्यावर सलामीच्या फलंदाजाला पॅड बांधण्यापुरती दहा मिनिटे मिळतात. फिरकीने बोटे आंबलेली असताना हा पस्तिशीचा माणूस तेवढ्या विसाव्यानंतर पुन्हा सलामीलाच उतरला आणि इंग्लंडचे फिरकी गोलंदाज जिम लेकर यांनी त्रिफळा उडवेपर्यंत त्याच्या नावावर १८४ धावा लागल्या होत्या. भारताकडून कसोटीत तोवर कोणीही एवढी मोठी खेळी केली नव्हती. कर्णधार विजय हजारे यांच्याबरोबर त्यांनी तिसऱ्या गड्यासाठी २११ धावा जोडल्या, त्यांत हजारे यांचा वाटा ४९ पेक्षा अधिक नव्हता, यावरून मांकड कसे खेळले असतील याची कल्पना येते. इंग्लंडला जिंकण्यासाठी केवळ ७७ धावा हव्या होत्या, तरीही मांकड यांनी आणखी २४ षटके टाकली. सामना आपण आठ गड्यांनी हरलो. हरलेल्या सामन्यात एका खेळाडूने इतके कष्ट उपसल्याचे दुसरे उदाहरण मला तरी आठवत नाही.

प्रश्न : तरीही ४४ कसोटींत २१०९ धावा आणि १६२ बळी हे आकडे कपिल देव यांच्या ५२४८ धावा आणि ४३४ बळींपुढे लहान नाहीत का?

उत्तर : कपिल देव १३१ कसोटी खेळले, हे ध्यानात घेऊन भागाकार करावा. दर कसोटीमागे मांकड यांचे सुमारे ३.७ बळी येतात आणि कपिल देव यांचे ३.३. अर्थात भारतीय खेळपट्ट्यांवर वेगवान गोलंदाजाला जे झगडावे लागते ते या भागाकारात दिसत नाही, म्हणून केवळ त्यावरून मी मांकड यांना वरचढ ठरवणार नाही. मला महत्त्व वाटते ते हातून गेलेल्या वर्षांचे. १९३७-३८ मध्ये भारत दौऱ्यावर आलेल्या लॉर्ड टेनिसन यांच्या इंग्लिश संघाविरुद्ध ते चमकले तेव्हा अवघे वीस वर्षांचे होते, परंतु महायुद्धामुळे त्यांचे कसोटी पदार्पण लांबून १९४६ वर, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी आले. कपिल देव एकोणिसाव्या वर्षी कसोटी खेळू लागले. शिवाय फेब्रुवारी १९४९ ते नोव्हेंबर १९५१ या काळात भारत एकही कसोटी खेळला नाही.

एवढे असूनही हजार धावा आणि शंभर बळी हा टप्पा त्यांनी २३ कसोटींत गाठला आणि १९७९ मध्ये इयान बोथम येईपर्यंत याहून कमी सामन्यांत तो कोणी गाठला नाही. फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला भारताने आपला पहिला कसोटी विजय मिळवला, त्यात १०८ धावांत बारा बळी मांकड यांचे होते. त्याच वर्षी दिल्लीत पाकिस्तानविरुद्धच्या पहिल्यावहिल्या कसोटीत त्यांनी तेरा गडी बाद केले. १९५६ मध्ये मद्रासलाच पंकज रॉय यांच्याबरोबर त्यांनी दिलेली ४१३ धावांची सलामी बावन्न वर्षे विश्वविक्रम म्हणून टिकली.

प्रश्न : त्यांचा महाराष्ट्राशी काही संबंध होता का?

उत्तर : होता. जन्म जामनगरचा, १२ एप्रिल १९१७ चा, परंतु रणजी करंडकात ते इतर संघांबरोबर महाराष्ट्राकडून आणि मुंबईकडूनही खेळले. त्यांचे चिरंजीव अशोक मांकड हे मुंबईचे नावाजलेले फलंदाज आणि भारताचे कसोटीपटू होते. विनू मांकड यांचे निधनही मुंबईतच, २१ ऑगस्ट १९७८ रोजी झाले. एकोणीस वर्षांखालील मुलांच्या राष्ट्रीय एकदिवसीय स्पर्धेला त्यांचे नाव दिलेले आहे.