तपासणीचा हात कसा बसतो? वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : मी एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला आहे. पावलावरची नाडी मला सापडतच नाही. राउंडला सगळे ‘लागते’ म्हणतात, म्हणून मीही म्हणते.

उत्तर : ते आधी थांबवा. मधुमेही किंवा वर्षानुवर्षं बिडी ओढणाऱ्या रुग्णाच्या केसपेपरवर ‘नाडी लागते’ असं एकदा लिहिलं गेलं, की पुढचे डॉक्टर ते खरं धरतात. मग बोट काळं पडेपर्यंत तिथे कुणी पुन्हा हात लावत नाही.

रुग्णाला पायाचा अंगठा वर उचलायला सांगा. जी दोरी उठून दिसते, तिच्या करंगळीकडच्या बाजूला, पावलाच्या मध्यावर तीन बोटं हलकेच ठेवा. जोर दिलात की ही बारीक धमनी दबते आणि ठोका हरवतो. शंका आली तर दुसऱ्या हाताने रुग्णाच्या मनगटाची नाडी धरा. दोन्हींची लय जुळत नसेल तर पावलावर तुम्हाला स्वतःच्याच बोटांतला ठोका जाणवतोय. काही निरोगी माणसांत ही नाडी जन्मतःच लागत नाही, म्हणून आतल्या घोट्यामागची पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नका. गुडघ्यामागची सगळ्यांत अवघड. गुडघा थोडा वाकवून, दोन्ही हातांची बोटं खळगीत खोल दाबून शोधावी लागते.

मग डॉप्लर (रक्तप्रवाहाचा आवाज ऐकवणारं यंत्र) लावून घोट्याचा आणि दंडाचा वरचा (सिस्टोलिक) रक्तदाब मोजा. घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्याने भागून ०.९० किंवा त्याहून कमी आलं, तर पायाच्या धमन्यांत अडथळा आहे. १.४० च्या वर गेलं तर खूश होऊ नका; मधुमेहात धमन्या कडक होतात, दबतच नाहीत आणि आकडा फसवतो. बोटांना काय लागलं ते आधी लिहायचं, मग मोजायचं. हात असाच बसतो.

प्रश्न : मी पुरुष इंटर्न आहे. स्तनांची तपासणी संकोचामुळे उरकून टाकतो.

उत्तर : उरकलेली तपासणी त्या बाईंना लगेच कळते, आणि संकोच त्यांचाही वाढतो. पडदा, सोबत सिस्टर, आणि काय करणार हे आधी सांगून परवानगी: एवढं केलंत की तुमचाही हात स्थिरावेल. आधी नुसतं पाहा. बसवून हात खाली, मग डोक्यावर, मग कमरेवर दाबून. कातडीला पडणारी खळी कधीकधी या शेवटच्या स्थितीतच दिसते. नंतर झोपवून, त्या बाजूचा हात डोक्याखाली घ्यायला सांगून, मधल्या तीन बोटांच्या मऊ भागाने उभ्या पट्ट्यांत तपासा; प्रत्येक जागी हलका, मध्यम, खोल असा दाब. काखेकडे जाणारं टोक सोडू नका. काख तपासताना त्यांच्या हाताचा भार स्वतःच्या हातावर घ्या, म्हणजे स्नायू सैल पडतात.

टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमध्ये प्रशिक्षित आरोग्यसेविकांकडून ही तपासणी दर दोन वर्षांनी करून घेतली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत सर्व वयोगट मिळून मृत्यूंतली घट निर्णायक ठरली नाही. पण पन्नाशीपुढच्या बायकांत ती जवळपास ३० टक्के होती. त्या सेविका डॉक्टर नव्हत्या. त्यांना नीट शिकवलं गेलं होतं.

प्रश्न : थिएटरमध्ये बाईंना भूल दिल्यावर आम्हाला ‘पीव्ही करून बघा’ म्हणतात, म्हणजे योनीमार्गातून बोटांनी तपासणी. नकार दिला तर शिकणार कधी?

उत्तर : शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावरची सही ही तुमच्या बोटांना दिलेली परवानगी नव्हे. आदल्या दिवशी वॉर्डात जा, नाव सांगा, विद्यार्थी आहे म्हणा आणि विचारा. हो म्हणणाऱ्या बायका असतात. नाही म्हटलं तर विषय संपला. अमेरिकेच्या आरोग्य खात्याने अशा तपासणीआधी रुग्णाची संमती घ्यायलाच हवी, हे एप्रिल २०२४ मध्ये रुग्णालयांना बजावलं. तिथे १९७० च्या दशकापासून प्रशिक्षित स्त्रिया मानधन घेऊन स्वतःच्या शरीरावर ही तपासणी शिकवतात. दुखलं की ‘इथे दुखतं’ म्हणतात; सरावाचा पुतळा (मॅनिकिन) ते सांगत नाही.

अमेरिकन डॉक्टर सिम्स यांच्या नावाचा स्पेक्युलम, म्हणजे योनीमार्ग उघडून पाहायचं साधन, तुम्ही रोज हाताळता. १८४० च्या दशकात अलाबामात त्यांनी गुलाम स्त्रियांवर भुलीशिवाय वारंवार शस्त्रक्रिया केल्या. त्यांतल्या तिघींची नावं आपल्याला माहीत आहेत: अनार्का, ल्युसी, बेट्सी. ती लक्षात ठेवा.

प्रश्न : स्पेक्युलम आधी की बोटांनी तपासणी?

उत्तर : स्पेक्युलम आधी. नाहीतर बोटांवरचं वंगण आणि तपासताना येणारं रक्त पॅप स्मिअर (गर्भाशयाच्या मुखाच्या पेशींचा नमुना) बिघडवतं. त्याआधी लघवीला जाऊन यायला सांगा. भरलेलं मूत्राशय गाठीसारखं लागतं.