पायांना जागं कर

चि. बेटा,
अनेक आशीर्वाद.

मामांनी स्वतः बांधलेलं आरव्ही-7 हे छोटं विमान उडवायला तू डिसेंबरात टेक्सासला चालली आहेस, हे ऐकून मन भरून आलं. म्हणूनच परवाची तुझी तीन लँडिंग मी क्लबच्या अंगणातून डोळ्यांत तेल घालून पाहिली. तिन्ही वेळा चाकं टेकताना आपल्या सेसना 172 विमानाचं नाक धावपट्टीच्या मध्यरेषेच्या डावीकडे होतं. मग विमान आपणहून सरळ झालं, तू केलं नाहीस.

सेसनाचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या पुढे असतो, म्हणून ते तिरकं टेकलं तरी सावरतं. मामांच्या विमानाचं तिसरं चाक शेपटीला आहे आणि गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे. तिथे तोच तिरकेपणा वाढत जातो, शेपूट पुढे यायला बघते. तरुणपणी मी असा गरकन फिरलो आहे. पंखाचं टोक जमिनीला घासल्याचा आवाज अजून कानात आहे. तेव्हा आत्तापासून टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवर चालवतानाही, मध्यरेषा सोडू नकोस. आडव्या वाऱ्यात वाऱ्याकडचा पंख खाली, पायाने विरुद्ध बाजूचा रडर, म्हणजे शेपटीचं सुकाणू, आणि आधी वाऱ्याकडचंच चाक टेकू दे.

दुसरं म्हणजे वेग. उतरताना 65 ऐवजी 70 नॉट्सने येतेस. एवढ्याने ऊर्जा 16 टक्के वाढते. मग धावपट्टीवर तरंगत राहतेस आणि धीर सुटला की विमानाचं नाक खाली दाबतेस. आपलं इंदूर समुद्रसपाटीपासून 1,850 फुटांवर. मे महिन्यात 40 अंशांत इथली हवा 5,000 फुटांवरच्यासारखी विरळ होते. वेगाचा काटा 65 दाखवतो, पण जमीन जवळजवळ 70 ने मागे पळते. डोळ्यांना घाई वाटेल. तू काट्यावरच विश्वास ठेव.

सेसनाचे पंख 36 फुटांचे, आरव्हीचे 25. ते विमान बोटाच्या इशाऱ्यावर मान वळवतं. तू योक, म्हणजे हातातलं सुकाणू, मुठीत आवळतेस, ते सोड. हातावरचा जोर कमी करणारी ट्रिम नीट लाव, अंगठा आणि दोन बोटांनी धर, नजर धावपट्टीच्या पार टोकाला. उसळी बसलीच तर नाकाच्या मागे धावू नकोस. पूर्ण थ्रॉटल दे आणि पुन्हा फेरी मार. त्यात कसलाही कमीपणा नाही.

तिथे मामा कितीही म्हणोत, शेपटीचाक शिकवणाऱ्या प्रशिक्षकाशिवाय त्या विमानात एकटी बसायचं नाही. हे मला कबूल करूनच जा.

शनिवारी पहाटे हँगरपाशी ये. नुसत्या फेऱ्या मारू. पातळ तळव्याचे बूट घाल, पेडल पावलाला कळलं पाहिजे.

तुझे काका
रामबाग, इंदूर