तेल लावण्याआधी विचारायचं

प्रिय लेकी,

तुझं पत्र मिळालं. आजीच्या हाताखाली बाळंतिणींना तेल लावता लावता तुझा हात तयार झाला, आता याच कामावर पोट भरायचं म्हणतेस, आणि विचारतेस की मालिशचं लायसन्स कुठून काढायचं.

असं लायसन्स आपल्याकडे नाही. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात १,००० तास शिकून परीक्षा दिल्याशिवाय पैसे घेऊन कुणाच्या अंगाला हात लावता येत नाही. जपानात तीन वर्षांचं शिक्षण आणि वर राष्ट्रीय परीक्षा असते. आपल्या गावात तेलाची वाटी घेऊन कुणीही बसू शकतं. तुला ही सोय वाटत असेल. मला याची भीती वाटते, आणि त्याला कारण आहे.

काही वर्षांपूर्वी सोळा वर्षांचा एक पोरगा माझ्याकडे आला. जांघेत दुखायचं, जरा लंगडायचा. पोत्यांची हमाली करतो म्हणून नस आखडली असेल, असं मी धरून चालले. तीन आठवडे जवसाचं तेल कोमट करून रगडलं. रात्रीपुरता आराम पडायचा, सकाळी पुन्हा तेच. शेवटी त्याच्या मायनं त्याला जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं. सिकलसेल निघाला, रक्ताचा पिढीजात आजार. खुब्याच्या गोळ्याला रक्त पोचत नव्हतं, हाड झिजत चाललं होतं. ते तीन आठवडे मी खाल्ले. आपल्या भागात, त्यातही गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाकडे, सिकलसेल घराघरात आहे आणि तो हातापायांच्या दुखण्याच्या रूपानंच दारात येतो. तरी मी एका शब्दानं विचारलं नव्हतं.

तेव्हापासून विचारल्याशिवाय मी तेलाला हात लावत नाही. दुखणं कधीपासून? ताप येतो का? घरात कुणाला सिकलसेल आहे का? एकाच पायाची पोटरी सुजलेली, गरम, दाबली की दुखते का? बाळंतिणीला आणि ऑपरेशन झालेल्याला हे विचारच विचार. तिथं शिरेत रक्ताची गाठ असू शकते, रगडल्यानं ती सुटून फुफ्फुसात गेली तर जीव जातो. अंगावर बधिर चट्टा दिसला तर आरोग्य केंद्रात पाठव, कुष्ठरोग वेळेत सापडला की गोळ्यांनी बरा होतो.

खरिपात आणखी एक प्रश्न: आज फवारणी केली का? २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं दगावली, हे तुझ्या घरातही बोललं गेलं असेल. पाठीवर पंप वाहून खांदे भरून आलेला माणूस संध्याकाळी थेट तुझ्याकडे येईल. त्याला आधी साबणानं आंघोळ करायला लाव. कातडीवर विष असताना वरून तेल चोळणं म्हणजे ते आत मुरवणं. आणि त्याला दरदरून घाम सुटला असेल, तोंडाला लाळ येत असेल, स्नायू फडफडत असतील, तर मालिशचं नाव काढू नको. गाडी बोलाव.

आता शिक्षणाचं. फिजिओथेरपिस्ट व्हायचं असेल तर बारावी सायन्सनंतर चार-पाच वर्षांची पदवी आणि राज्याच्या परिषदेकडे नोंदणी. ती नसताना पाटीवर ते नाव लिहायचं नाही. तुझी बारावी आर्ट्सची, तेव्हा तो रस्ता सध्या सोड. स्पा थेरपिस्टचे अभ्यासक्रम कौशल्य विकास योजनेत आहेत, पंचकर्म सहायकाचेही आहेत. मला विचारशील तर पंचकर्माचा घे. तिथं वैद्यांच्या देखरेखीत खरे रुग्ण हाताखाली येतात आणि नको म्हणायलाही शिकायला मिळतं. आजीकडून शिकलेलं तपासून प्रमाणपत्र देणारी आरपीएल नावाची सोयही आहे. जवळच्या केंद्रात चौकशी कर.

पंधरा दिवसांत आंतरराष्ट्रीय डिप्लोमा देणाऱ्यांच्या नादी लागू नको. मी एकदा असे पैसे भरले. दोन दिवस व्हिडिओ दाखवले आणि फ्रेममध्ये घालून कागद दिला. फी भरण्याआधी त्यांना दोनच गोष्टी विचार: शरीररचना किती तास शिकवता, आणि माझ्या हाताखाली किती माणसं येतील? दोन्हीची उत्तरं आकड्यात मिळाली पाहिजेत.

खोली घेऊन काम सुरू केलंस की शॉप अॅक्टची ऑनलाइन सूचना दे. मोजकीच माणसं कामाला असतील तर तेवढं पुरतं. पण तो दुकानाचा कागद आहे, तुझ्या हाताचा नाही. तो दाखवून कुणाला भरवसा देऊ नको.

तू लिहिलंस, की मालिशवाली म्हटल्यावर लोक वाकडं बघतील म्हणून भाऊ विरोध करतो. त्याला एकदा सेवाग्रामला घेऊन जा. परचुरे शास्त्रींना कुष्ठरोग होता, लोक सावली टाळायचे, आणि गांधीजी तिथं स्वतः त्यांना मालिश करायचे. भावाला तिथली परचुरे शास्त्रींची कुटी दाखव, मग बोल. तरीही सुरुवातीला फक्त बायका आणि लेकरं घे, दार उघडं ठेव, घरातलं कुणीतरी जवळ असू दे. आपल्या कामाची लाज नाही, पण गावात एकटीनं धंदा सुरू करणाऱ्या पोरीनं स्वतःला जपायला हवं.

दिवाळीनंतर माझ्याकडे ये. तेव्हा कापसाची वेचणी जोरात असते, दिवसभर वाकून बायकांच्या कमरा धरलेल्या असतात, शिकायला माणसं कमी पडणार नाहीत. पहिला आठवडा तू नुसती बसायचं, मी काय विचारते ते वहीत लिहायचं. येताना नखं कापून ये, आणि आजीला विचारून मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं, तेल थोडं आण. आमच्याकडे आता घाण्याचं मिळत नाही.

तुझी,
मावशी