वेम्बलीवरची २१ मिनिटे : वाचकांचे प्रश्न

‘क्वीन’ या ब्रिटिश रॉक बँडने १३ जुलै १९८५ रोजी लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर ‘लाइव्ह एड’ या कार्यक्रमात केलेल्या सादरीकरणाचा आणि त्यांचा मुख्य गायक फ्रेडी मर्क्युरी याचा उल्लेख गेल्या अंकात ओघाने आला होता. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काही निवडून येथे उत्तरे देत आहोत. बहुतेक पत्रे पुण्याची आहेत, त्यामुळे कौतुकापेक्षा शंका अधिक आहेत.

प्रश्न : ज्या कार्यक्रमाला रॉक संगीतातला सर्वश्रेष्ठ म्हणतात असे आपण लिहिले, तो नातवाने मला मोबाइलवर दाखवला. गाणारे गृहस्थ बनियन घालून मंचभर पळतात, एखाद-दुसरे गाणे सोडले तर धड काही पूर्ण होत नाही आणि वीस-एकवीस मिनिटांत सगळे आटोपते. सवाई गंधर्व महोत्सवात एकेका ख्यालासाठी आम्ही तासभर मांडी मोडत नाही. यात मोठेपण नेमके कशाचे?
— एक ज्येष्ठ वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : बनियनचा आक्षेप नोंदवून घेतला आहे. तोकडेपणाचा आक्षेप मात्र तपासून पाहावा लागेल, कारण या सादरीकरणाचे मोठेपण त्या तोकडेपणातच आहे, असे आमचे मत आहे.

इथिओपियातील दुष्काळग्रस्तांसाठी निधी उभारण्याकरिता बॉब गेल्डॉफ आणि मिज यूर या गायकांनी हा कार्यक्रम आखला आणि तो लंडन व फिलाडेल्फिया या दोन ठिकाणी एकाच दिवशी झाला. कलाकारांची रांग इतकी मोठी होती की प्रत्येकाला जेमतेम वीस मिनिटे मिळत. एका बँडचे गाणे चालू असताना मागे दुसऱ्याची वाद्ये मांडून तयार ठेवता यावीत म्हणून फिरता मंच होता आणि वेळ संपत आल्याचे सांगायला सिग्नलसारखे दिवे होते. क्वीन मंचावर आले तेव्हा लंडनमध्ये संध्याकाळचे ६ वाजून ४१ मिनिटे झाली होती. आपल्याकडे रात्रीचे सव्वाअकरा वाजत आले होते, पण जुलैतल्या लंडनमध्ये त्या वेळी लख्ख ऊन असते. प्रचंड प्रकाशयोजना आणि धूर यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या बँडची निम्मी आयुधे त्या उन्हाने काढून घेतली होती. समोर ७२ हजार माणसे होती आणि त्यांतली कितीतरी दुसऱ्याच कोणाला ऐकायला आलेली होती.

या अटी ओळखून क्वीनने आधीच लंडनच्या शॉ थिएटरमध्ये घड्याळ लावून तालमी केल्या. नव्या गाण्यांची जाहिरात करण्याचा मोह टाळून, लोकांच्या ओठांवर असलेली सहा गाणी घेतली आणि त्यांतल्या काहींना कात्री लावली. ‘बोहीमियन ऱ्हॅप्सडी’चा सुरुवातीचा वाद्याविना गायलेला भाग वगळला, मधला ऑपेराच्या ढंगाचा भागही वगळला; पियानोवरचे संथ कडवे आणि त्यानंतरचे गिटारवादन एवढे ठेवून थेट ‘रेडिओ गा गा’ सुरू केले. ‘वी विल रॉक यू’चेही एकच कडवे घेतले. ज्या महोत्सवात आपण मांडी मोडत नाही, तो ज्यांच्या स्मरणार्थ १९५३ पासून होतो त्या सवाई गंधर्वांचे गुरू अब्दुल करीम खाँ यांनी ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांसाठी गायलेली झिंझोटीतली ठुमरी आपण नक्की ऐकली असेल. तीन-साडेतीन मिनिटांच्या त्या तबकडीत काय ठेवायचे आणि काय सोडायचे याचा जो विवेक दिसतो, त्याच जातीचा विवेक येथे आहे.

आता आपण पुन्हा एकदा नातवाकडून ते चित्रण मागून घ्यावे आणि पहिले मिनिट लक्षपूर्वक पाहावे. मर्क्युरी धावत येतो, हात उंचावून एकदा इकडे आणि एकदा तिकडे जातो आणि मग पियानोशी बसतो. पियानोच्या डोक्यावर शीतपेयाचे कागदी पेले दाटीवाटीने ठेवलेले आहेत. तो दोन-चार स्वर छेडतो, थांबतो, पुन्हा छेडतो. वेळ सेकंदासेकंदाने मोजली जात असताना हा माणूस थांबायला तयार आहे. लोकांनी सूर ओळखला आणि गर्जना उठली, की मगच गाणे सुरू होते. पियानोवरून उठल्यावर त्याच्या हातात येतो तो खालचा अर्धा भाग नसलेला माइकचा दांडा. फार पूर्वी एका कार्यक्रमात दांडा मधूनच तुटला आणि त्याने तो तसाच वापरून पाहिला, तो कायमचाच झाला. त्या दांड्याची तो कधी गिटार करतो, कधी काठी. नेपथ्य नसलेल्या मंचावर एवढेच त्याचे नेपथ्य आहे. ‘हॅमर टू फॉल’मध्ये तर मंचावर चित्रण करणाऱ्या कॅमेरामनलाच तो खेळात ओढतो, तो कॅमेरा म्हणजे घरी बसून पाहणारा प्रेक्षक आहे, हे त्या दिवशी त्याच्याइतके फार थोड्यांच्या ध्यानात आले असावे.

सगळेच समपातळीवर आहे असे मात्र नाही. ‘क्रेझी लिटल थिंग कॉल्ड लव्ह’ हे त्यातले सर्वांत सैल सादरीकरण आहे आणि ते वगळले असते तरी फारसे बिघडले नसते, असे आम्हांला वाटते. त्याच दिवशी ‘यू टू’ या आयरिश बँडच्या बोनोने नेमके उलटे केले : तो मंचावरून उतरून प्रेक्षकांजवळ गेला, त्यात वेळ गेला आणि ठरलेले तिसरे गाणे राहूनच गेले. तेही लोकांच्या लक्षात राहिले. तरीही २००५ साली ब्रिटनमधील कलाकार, पत्रकार आणि संगीतव्यवसायातील मंडळींच्या मतचाचणीत पहिली पसंती मिळाली ती क्वीनच्या या २१ मिनिटांना.

प्रश्न : मी ढोल-ताशा पथकात वादन करतो. लक्ष्मी रस्त्यावर पथक लांबले की पुढच्या आणि मागच्या रांगांचा ठेका हमखास फाटतो. मग ‘रेडिओ गा गा’ला ७२ हजार लोकांच्या टाळ्या एकत्र कशा पडल्या?
— एक वाचक, नारायण पेठ

उत्तर : आलेल्या पत्रांतला हा सर्वांत आवडलेला प्रश्न. ध्वनी हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे मंचापासून १०० मीटरवर उभ्या असलेल्या माणसाला तोच ठोका सुमारे ०.३ सेकंद उशिरा ऐकू येतो आणि त्याने लगेच वाजवलेली टाळी मंचापर्यंत परत यायला आणखी तेवढाच वेळ लागतो. या गाण्यात दोन मात्रांमधले अंतर अर्ध्या सेकंदाच्या आसपास आहे. याचा अर्थ, मागच्या टाळ्या मंचावर पोहोचतात तेव्हा गाणे एक मात्रा पुढे गेलेले असते. घड्याळाने मोजले तर त्या टाळ्या एकत्र पडलेल्याच नाहीत. प्रत्येक जण आपल्यापर्यंत पोहोचलेल्या आवाजाला धरून वाजवत होता आणि टाळी पुढून मागे सरकत जाणार, हे अटळ होते.

ती एकत्र वाटते याचे श्रेय डोळ्यांना आहे. या गाण्याच्या १९८४ सालच्या व्हिडिओत हात डोक्यावर नेऊन दोनदा टाळी देणारा जमाव होता आणि प्रेक्षकांनी तो पाहिलेला होता, त्यामुळे काय करायचे हे कोणाला सांगावे लागले नाही. मंचावरून पाहणाऱ्याला आणि कॅमेऱ्याला दिसतात ते हजारो वर गेलेले हात. किंचित पुढेमागे झालेला ठोका त्या दृश्यात विरघळून जातो. टाळी छातीशी वाजवायची असती तर हा परिणाम साधलाच नसता.

याहून चतुर आहे ती त्यानंतरची जागा. वाद्ये थांबतात आणि मर्क्युरी नुसत्या ‘ए-ओ’वर एक स्वरावली म्हणून प्रेक्षकांकडे सोपवतो. येथे ताल नाहीच, म्हणून उशिराचा प्रश्नही नाही. तो ओळ म्हणतो, गप्प राहतो, स्टेडियमच्या शेवटच्या टोकाचा आवाज परत येईपर्यंत वाट पाहतो आणि मगच पुढची, थोडी अवघड ओळ देतो. एक स्वर तो इतका लांबवतो की लोकांनाही आपल्या श्वासाची परीक्षा द्यावी लागते. बँडचा गिटारवादक ब्रायन मे हा मुळात खगोलभौतिकीचा विद्यार्थी, पुढे २००७ मध्ये त्याने त्या विषयात पीएचडीही पूर्ण केली. ‘वी विल रॉक यू’मध्ये दोनदा पाय आपटून एक टाळी ही रचना त्याने केली तीच मुळी गर्दीला गाण्यात वाजवता यावे म्हणून. आपल्या पथकाने मागच्या रांगांना कानांवर सोडू नये, ताशाचा ठेका बदलताना वर धरलेल्या हाताची किंवा ध्वजाची खूण मागेपर्यंत दिसेल अशी व्यवस्था करावी, एवढेच सुचवता येईल.

प्रश्न : ‘बोहीमियन ऱ्हॅप्सडी’ या चित्रपटात दाखवले आहे की बँड फुटला होता, मर्क्युरीला आपल्या आजाराचे निदान कळले होते आणि त्या दुःखातून हे सादरीकरण घडले. हे खरे का?
— एक वाचिका, कर्वेनगर

उत्तर : नाही. २०१८ सालच्या त्या चित्रपटाने कालक्रम आपल्या सोयीने फिरवला आहे. क्वीन १९८५ च्या जानेवारीत ब्राझीलमधील ‘रॉक इन रिओ’ महोत्सवात वाजवून आले होते आणि मे महिन्यापर्यंत त्यांचा दौरा चालू होता. म्हणजे चौघांचा हात बसलेला होता, आणि तेच त्या दिवशी उपयोगी पडले. आदल्या वर्षी वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेतील सन सिटी येथे कार्यक्रम केल्यामुळे त्यांच्यावर सडकून टीका झाली होती, तेवढी पार्श्वभूमी खरी आहे. मर्क्युरीच्या एड्सचे निदान १९८७ साली झाल्याचे त्याच्या निकटवर्तीयांनी सांगितले आहे. त्याने स्वतः ते जाहीर केले २३ नोव्हेंबर १९९१ रोजी आणि दुसऱ्याच दिवशी, वयाच्या ४५ व्या वर्षी, त्याचे निधन झाले. चांगले गाण्यासाठी गायकाने मरणाच्या दारात असले पाहिजे, ही समजूत पटकथाकारांच्या सोयीची आहे.

प्रश्न : फ्रेडी पाचगणीला शिकला म्हणून आम्ही कॅम्पातली पारशी मंडळी त्याला आपला मानतो. पण त्याने आपले मूळ लपवले असे लोक म्हणतात, तेव्हा वाईट वाटते.
— एक वाचक, पुणे कॅम्प

उत्तर : त्याचे मूळ नाव फारुख बलसारा. ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांझिबारमध्ये जन्म. वडील तेथे ब्रिटिश सरकारच्या नोकरीत रोखपाल होते. आडनाव बलसारचे, म्हणजे आजच्या वलसाडचे. आठेक वर्षांचा असताना त्याला पाचगणीच्या सेंट पीटर्स स्कूलच्या वसतिगृहात ठेवले. तेथे तो पियानो शिकला, ‘फ्रेडी’ हे नाव त्याला तेथेच चिकटले, आणि शाळासोबत्यांच्या ‘हेक्टिक्स’ नावाच्या बँडमध्ये तो पियानो वाजवत असे. त्या बँडचा मुख्य गायक दुसराच होता. १९६३ मध्ये तो झांझिबारला परतला, १९६४ च्या क्रांतीनंतर कुटुंबाला ते बेट सोडावे लागले आणि बलसारा मंडळी लंडनजवळच्या फेल्टममध्ये स्थायिक झाली.

मुलाखतींतून तो या साऱ्याविषयी फारसे बोलला नाही, हे खरे आहे. मात्र राष्ट्रकुल देशांतून येणाऱ्या स्थलांतरितांविरुद्ध ब्रिटिश खासदार इनॉक पॉवेल यांचे कुप्रसिद्ध भाषण १९६८ चे आहे आणि क्वीनची स्थापना १९७० ची, हे विसरून त्याच्या मौनाचा हिशेब मागणे आम्हांला न्याय्य वाटत नाही. त्याचे अंत्यसंस्कार जरथुश्त्री धर्मगुरूंनी केले. ज्याला मूळ पुसायचे होते त्याच्या घरी असे घडत नाही. बाकी पाचगणी सातारा जिल्ह्यात असल्याने पुण्याचा दावा नकाशावरच अडतो. कॅम्पाने तो खुशाल चालू ठेवावा.

प्रश्न : मी गाणे शिकते. त्याच्या तोंडात चार दात जास्त होते म्हणून त्याचा आवाज तसा होता, हे कितपत खरे?
— एक विद्यार्थिनी, डेक्कन जिमखाना

उत्तर : चार जादा दात होते, आणि ते काढले तर आवाज बदलेल या भीतीने त्याने ते काढले नाहीत. भीती त्याची होती, सिद्धान्त नव्हे. २०१६ साली युरोपीय संशोधकांनी त्याच्या ध्वनिमुद्रणांचा अभ्यास केला. त्यांच्या मते त्याचा बोलण्याचा आवाज मध्यम पट्टीचा, बॅरिटोन जातीचा होता, तरी तो गायला मात्र वरच्या पट्टीत. आणि त्याच्या स्वरातले कंपन सेकंदाला सातच्या आसपास, म्हणजे पाश्चात्त्य गायकांत सामान्यतः आढळते त्याहून जलद आणि काहीसे अनियमित होते. आपल्याला उपयोगी बाब वेगळीच आहे : ध्वनिमुद्रणातल्या अतिउंच जागा तो प्रत्यक्ष कार्यक्रमात बरेचदा खालच्या स्वरांवर वळवून घेई आणि तारसप्तकातली बाजू ड्रमवादक रॉजर टेलर सांभाळे. घशाच्या गाठींचा त्रास त्याला होताच. तेव्हा घरी रियाजाला बसताना त्याच्या ओरडण्याची नक्कल करू नये.

प्रश्न : लाइव्ह एडनंतर काय पाहावे?
— एक वाचक, औंध

उत्तर : आधीचे पाहावे. नोव्हेंबर १९८१ मधल्या माँट्रिऑलच्या कार्यक्रमाचे चित्रण ३५ मिलिमीटर फिल्मवर झाले आहे, आणि त्यात चारही वादकांचे हात जवळून दिसतात. मग १२ जुलै १९८६ चा वेम्बलीचाच कार्यक्रम पाहावा, म्हणजे पूर्ण वेळ आणि स्वतःची प्रकाशयोजना मिळाल्यावर हाच गायक काय करतो ते कळेल. त्याच महिन्यातल्या बुडापेस्टच्या कार्यक्रमात तो एक हंगेरियन लोकगीत गातो. शब्द पाठ नव्हते, म्हणून ते तळहातावर लिहिले होते, आणि गाताना तो ते उघडपणे वाचतो.