2 गिगचा प्लॅन आणि 940 ला अडकलेला स्पीड

या वेळी आलेली बरीचशी पत्रं एकाच दुखण्याची आहेत. प्लॅन मोठा घेतला, पैसे दर महिन्याला जातायत आणि वायर लावूनही स्पीड काही येत नाही. सगळ्यांना आधीच सांगून ठेवते, कंपनीशी भांडण्याआधी आणि नवीन राउटरची ऑर्डर टाकण्याआधी स्पीड टेस्टचा आकडा नीट बघा. हे आकडे सेकंदाला किती मेगाबिट ते सांगतात, आणि 1 गिग म्हणजे 1000 मेगाबिट. वायरवरचा स्पीड उगाच कुठेही अडकत नाही, तो ठरावीक जागी अडकतो, आणि बऱ्याचदा नुसत्या आकड्यावरून चोर सापडतो.

प्रश्न: ताई नमस्कार, आम्ही न्यू जर्सीला एडिसनमधे राहतो. घरी नुकतंच 2 गिगचं फायबर घेतलं, मिस्टर घरून काम करतात आणि मुलाचे गेम डाउनलोड होत असतात म्हणून. पण पीसीला वायर लावून टेस्ट केली की 938, 941, परत 940, त्याच्या वर जातच नाही. कंपनीवाले म्हणतात आमच्या बाजूने 2 गिग बरोबर येतंय. भावाच्या सांगण्यावरून नवीन राउटर घेतला, खोक्यावर 2.5 गिग लिहिलंय, तरी तेच. गंमत म्हणजे नवीन फोनवर वायफायने एकदा 1200 आले. वायरपेक्षा वायफाय फास्ट असं कसं?

उत्तर: तुमच्या पत्रातच उत्तर आहे, 940. हा आकडा दिसला की समजायचं, लाइन स्लो नाहीये, मधे कुठेतरी 1 गिगचा पोर्ट, म्हणजे वायर खोचायची जागा, आहे आणि तो काठोकाठ भरून चाललाय. 1 गिगच्या पोर्टवर पूर्ण 1000 कधीच दिसत नाहीत, कारण डेटा छोट्या छोट्या पुडक्यांतून, म्हणजे पॅकेटमधून जातो आणि प्रत्येक पॅकेटबरोबर पत्ता, तपासणीचा मजकूर, दोन पॅकेटमधली मोकळी जागा असा सगळा लवाजमा जातो, वायरवर 1538 बाइट गेले की त्यातले तुमच्या कामाचे 1448 ते 1460, म्हणजे 94-95 टक्के. याच हिशेबाने 100 च्या पोर्टवर 94 दिसतात आणि 2.5 गिगच्या पोर्टवर 2350 च्या आसपास. 94, 940, 2350, हे तीन आकडे फ्रिजवर चिकटवून ठेवा, निम्मी भांडणं मिटतील.

आणि वायफायवर आलेले 1200 हा तर पुरावाच आहे. 1 गिगपेक्षा जास्त डेटा राउटरपर्यंत येतोय म्हणजे कंपनी खरं बोलतेय, तो अडतोय राउटरपासून पीसीपर्यंतच्या वायरच्या रस्त्यात.

आता राउटर उलटा करा, मोबाइलचा टॉर्च लावा आणि प्रत्येक पोर्टखालची बारीक अक्षरं वाचा. खोक्यावर 2.5 गिग मोठ्या अक्षरात असतं पण बऱ्याच राउटरना तसा पोर्ट एकच असतो, तो फायबरच्या डब्याकडून येणाऱ्या वायरने आधीच अडवलेला, आणि घरातल्या पीसींसाठी उरतात ते सगळे साधे 1 गिगचे. तुमच्याकडे बहुतेक हेच झालंय. खात्री करायची तर दोन पीसी वेगवेगळ्या पोर्टना वायरने जोडा आणि दोन्हीकडे एकाच वेळी टेस्ट सुरू करा, दोघांची बेरीज 1800 च्या पुढे गेली की कंपनी, फायबर, राउटरचा प्रोसेसर सगळे सुटले, राहिला फक्त पोर्ट.

पीसीची बाजू पण बघून घ्या. विंडोजमधे सेटिंग्जमधल्या नेटवर्कमधे जाऊन इथरनेट उघडा, तिथे लिंक स्पीड लिहिलेला असतो. 1000/1000 दिसलं तर पीसी, वायर आणि समोरचा पोर्ट यांच्यात 1 गिगवर तोडगा झालाय, मग प्लॅन 2 गिगचा असो की 10 चा, त्या पीसीला 940 च मिळणार. टेबलाखाली एखादा जुना पाच पोर्टचा स्विच, म्हणजे एका वायरच्या अनेक करणारा डबा, लावलेला असेल आणि विसरला असाल तर तोही शोधा, फार वेळा तोच निघतो. घरातली केबल मात्र घाईने उचकटू नका. 2.5 गिगचं स्टँडर्ड 2016 साली आलं ते मुळी जुन्या कॅट-5ई प्रकारच्या नेटवर्क वायरवर 100 मीटरपर्यंत चालावं म्हणूनच, त्यामुळे कॅट-8 च्या नावाने महागडी पॅच कॉर्ड, म्हणजे तयार छोटी वायर, खपवणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका.

करायचं काय? राउटरला 2.5 गिगचे किमान दोन पोर्ट हवेत, एक आत येणारा आणि एक घरात जाणारा, घरात जाणाऱ्यावर 2.5 गिगचा साधा स्विच लावला की बाकीची उपकरणं त्यावर. पीसीला पोर्ट नसेल तर यूएसबीचा 2.5 गिग अ‍ॅडॉप्टर मिळतो पण तो यूएसबी 3 लाच लावा, यूएसबी 2 ची मर्यादाच 480 आहे आणि हातात येतात जेमतेम तीनशे-साडेतीनशे. आणि हे सगळं विकत घेण्याआधी स्पष्टच सांगते, 940 मेगाबिट म्हणजे सेकंदाला साधारण 115 मेगाबाइट, कारण 8 बिटांचा एक बाइट. घरात दोघंतिघं एकदम मोठं काही उतरवत नसतील तर राउटर परत करा आणि प्लॅन 1 गिगवर आणा, तुम्हाला फरक जाणवणार नाही आणि पैसे वाचतील. 

प्रश्न: कोथरूडला आमचा 1 गिगचा प्लॅन आहे. राउटर हॉलमधे, माझी खोली टोकाला, म्हणून भिंतीतून वायर ओढून घेतली. हॉलमधे लॅपटॉप लावला की 930 पर्यंत जातं, खोलीत कधी 94, कधी 250-300, वायर काढून परत लावली की थोडा वेळ बरं. इलेक्ट्रिशियन काका दोनदा येऊन गेले, टेस्टर लावला, आठही दिवे ओळीने लागतात, ते म्हणतात वायर एकदम ओके. आता बाबा म्हणतायत राउटरच तुझ्या खोलीत हलवू. काय करू ताई?

उत्तर: राउटर हलवू नका, दोष वायरच्या टोकांना आहे असं मला जवळजवळ खात्रीने वाटतंय. हॉलमधे 930 येतात म्हणजे राउटर आणि लॅपटॉप दोन्ही चांगले. खोलीत 94 दिसतं म्हणजे लिंक 1000 वरून 100 वर घसरली. 1 गिगला आठही तारा लागतात, 100 ला चारच पुरतात, त्यामुळे दोन-दोन पिळलेल्या तारांच्या जोड्यांमधे गडबड असली की उपकरणं गुपचूप खाली उतरतात आणि कुणाला काही सांगत नाहीत.

पण दिवे आठ लागले ना, मग? इथेच काका फसलेत. तो दिव्यांचा टेस्टर फक्त एवढंच बघतो की इकडची एक नंबरची तार तिकडे एक नंबरला पोचली की नाही. कुठली तार कुठल्या तारेबरोबर पिळलेली आहे हे त्याला कळत नाही, आणि नेटवर्क केबलचं सगळं काम त्या पिळावर चालतं. आता दोन्ही टोकांचे पारदर्शक कनेक्टर उजेडात धरा, सोनेरी पट्ट्या तुमच्याकडे आणि खटका मागे, आणि डावीकडून रंग वाचा. हवेत असे: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरव्या जोडीच्या मधे निळी जोडी बसलेली दिसायला हवी. तुमच्याकडे बहुतेक नारिंगीची जोडी, मग हिरव्याची, मग निळ्याची, मग तपकिरीची अशी सरळ ओळीने लावलेली सापडेल, दिसायला व्यवस्थित वाटतं म्हणून तसंच लावणारे पुष्कळ आहेत. दोन्ही टोकांना तोच क्रम असल्यामुळे टेस्टर खूश, पण 3 आणि 6 नंबरला जे एकमेकांचे जोडीदार हवेत ते दोन वेगळ्या पिळांमधे गेले, एका जोडीचा सिग्नल दुसरीत झिरपतो, म्हणून कधी 300, कधी 94, कधी थोडा वेळ बरं.

उपाय स्वस्त आहे, चार-सहा कनेक्टर आणि क्रिंपिंगचा पक्कड. दोन्ही टोकं कापून वरच्या क्रमाने परत लावायची आणि पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडायचा नाही, हे काकांना आवर्जून सांगा आणि समोर उभं राहून करून घ्या. कापलेला तुकडा फेकू नका. त्यातली एक तार ब्लेडने खरवडून बघा, वरून तांबूस आणि आत चंदेरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर आहे. बाजारात ही सर्रास विकली जाते, तिचा रोध जास्त आणि वाकवली की लवकर तुटते, आणि तुमची तशी निघाली तर नवीन कनेक्टरवर समाधान मानू नका, त्याच पाइपमधून शुद्ध तांब्याची कॅट-6 ओढून घ्या. जुन्या वायरच्या टोकाला नवी बांधून ओढली तर भिंत फोडावी लागत नाही. फक्त तो पाइप लाइटच्या वायरिंगचा असेल तर वेगळा रस्ता शोधा, विजेच्या तारा आणि नेटवर्कची वायर एका पाइपात घालायची नाही, इथे सवाल स्पीडचा नाही, जिवाचा आहे.

प्रश्न: सिंगापूरहून लिहितोय, 10 गिगचं कनेक्शन. जुन्या सर्व्हरमधलं इंटेलचं एक्स540 कार्ड सेकंडहँड घेतलं, 2.5 गिगच्या स्विचला लावलं, लिंक 1 गिगच दाखवतंय. कार्ड खराब असेल का?

उत्तर: कार्ड चांगलं आहे, ते 2.5 गिगच्या जन्माआधीचं आहे. तांब्याच्या वायरवरचं 10 गिगचं स्टँडर्ड 2006 चं, 2.5 आणि 5 गिग त्यानंतर दहा वर्षांनी आले, त्यामुळे एक्स540 ला 100, 1 गिग आणि 10 गिग एवढंच येतं. स्विचला 10 येत नाही, कार्डला 2.5 येत नाही, दोघांना जमणारं सगळ्यात वरचं म्हणजे 1. एकतर 10 गिगचा स्विच घ्या किंवा एक्स550 सारखं मधले स्पीड येणारं कार्ड बघा.

कार्ड ठेवणार असाल तर ते कुठल्या स्लॉटमधे बसवलंय तेही बघा, काही मदरबोर्डवर लांबीला मोठा दिसणारा स्लॉट आतून एकाच लेनचा, म्हणजे डेटाच्या एकाच मार्गिकेचा असतो आणि या पिढीच्या कार्डाला एका लेनवर 4 गिगच्या वर जाताच येत नाही. मग घरातल्याच दोन मशीनमधे आयपर्फ-3 हा स्पीड मोजायचा प्रोग्रॅम चालवा, एकावेळी चार कनेक्शन लावून. ते चांगलं आलं आणि ब्राउझरमधली टेस्ट मात्र कमी दाखवत असेल तर दोष ब्राउझरचा किंवा समोरच्या सर्व्हरचा, या स्पीडला ब्राउझरच दमतो, टेस्टचं वेगळं अ‍ॅप वापरा. आणि फाइल कॉपी करून स्पीड मोजत असाल तर फिरत्या हार्ड डिस्कवर मोजू नका, ती सेकंदाला दीड-दोनशे मेगाबाइट लिहिते आणि 10 गिग म्हणजे साडेबाराशे.

प्रश्न: टोरांटो, 3 गिगचा प्लॅन, राउटर आणि पीसी दोन्हीला 2.5 गिगचे पोर्ट, आधी 2300 यायचे. मुलांसाठी राउटरमधे पॅरेंटल कंट्रोल चालू केलं तेव्हापासून 700. परत बंद करू का?

उत्तर: एकदा बंद करून टेस्ट करा, 2300 परत आले तर कारण पक्कं. मोठा स्पीड राउटर एका खास हार्डवेअरच्या रस्त्याने पुढे सोडतो, पण प्रत्येक पॅकेट उघडून बघा असं सांगितलं की बऱ्याच मॉडेलमधे तो रस्ता बंद होतो आणि सगळं काम छोट्या प्रोसेसरवर येऊन पडतं. क्यूओएस (कुठल्या कामाला आधी स्पीड द्यायचा ते ठरवणारं सेटिंग) किंवा ट्रॅफिकचा हिशेब चालू केला तरी हेच होतं. मुलांसाठीचं फिल्टर मात्र काढून टाकू नका, ते राउटरऐवजी मुलांच्या टॅबमधल्या फॅमिली सेटिंगमधे लावा, किंवा कुटुंबासाठी फिल्टर केलेला डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारी सेवा, राउटरमधे भरा, त्यात फक्त साइटचं नाव विचारताना तपासणी होते त्यामुळे स्पीडला धक्का लागत नाही.